तांदळातलं नाव

"काका, रागावू नका, पण ह्या दुसऱ्या बाई कोण?"

निगडीतल्या वकीलबाईंनी हे विचारलं तेव्हा माझी बायको माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. वकीलबाई वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी आवाज मुद्दाम खाली आणला होता. दोन फुटांवर बसलेल्या बाईला त्यामुळे ऐकू जाणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या एका हातात आमच्या फ्लॅटचा इंडेक्स टू होता, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा एकपानी गोषवारा, आणि दुसऱ्या हातात बायकोचं आधारकार्ड. इंडेक्स टूवर फ्लॅट घेणारे दोघं होते. एक मी आणि माझ्या खाली एक बाई. मधलं नाव माझं, आडनावही माझंच, पहिलं नाव मात्र आधारकार्डावर कुठेच नाही.

"हीच की," मी म्हणालो.

"नाव वेगळं आहे, काका."

"ते तांदळातलं नाव आहे."

वकीलबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको पंख्याकडे पाहत होती.

ही हकिगत लिहायला घेतली तेव्हा बायकोनं एकच अट घातली. म्हणाली, "लिहायचं ते लिहा, पण माझं नाव परत कुठल्या कागदावर तुमच्या हातानं येऊ देऊ नका." म्हणून इथं कुणाचंच नाव नाही. शेवटपर्यंत वाचलंत तर तिची अट रास्त आहे हे तुम्हालाही पटेल.

वकिलाकडे जायची कल्पना माझीच होती. चाकणच्या कंपनीत माझ्याच लाइनवर असलेला एक दोस्त रिटायर झाल्यावर वर्षाच्या आत अचानक गेला. त्याचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. दहाव्याला गावाकडून आलेल्या त्याच्या भावांनी खिडक्या उघडून हवा कशी येते ते पाहिलं आणि जाताना, आमच्या म्हातारीच्या, आईच्या, हिश्श्याचं काय, असं विचारून गेले. वीस वर्षं त्या घरात राबलेली त्याची बायको, आमची वहिनी, नंतर आमच्याकडे आली तेव्हा हातातल्या पिशवीत नुसते कागद होते. वारस दाखला, प्रतिज्ञापत्रं, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या डझनभर झेरॉक्स. चहा तसाच थंड झाला. ती गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर करून टाकतो. लगेच."

"कशाला? जायची घाई झाली का?"

"नाही झाली, म्हणूनच आत्ता करू."

आमचा पुनावळ्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, ही मला छातीठोक खात्री होती. तो दोघांचाच होता. तिनं भोसरीला गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात उभ्यानं शिफ्टा काढल्या नसत्या, तर आम्ही अजून काळेवाडीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत असतो. म्हणून घर घेताना तिचं नाव घालायचंच, असा मी हट्ट धरला होता. चारचौघांत मी ते सांगायचोही. फक्त तिचं कुठलं नाव घातलं, हे मी नीट पाहिलं नव्हतं.

आमच्या धाराशिवकडच्या गावात लग्न झालं की नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. सगळ्या बाया वाकून वाचतात, पेढे वाटतात, झालं. मी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून, दोन्ही नावं शेजारी लिहिली की शोभतील असं. त्याचा मला फार अभिमान होता. तिला काय वाटेल, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच तेव्हा मला माहीत नव्हतं. आज त्याची लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

त्या नावानं तिला फक्त माझी आई हाक मारायची. रेशनकार्डावर तेच नाव मी घातलं होतं. बाकी सगळीकडे ती शाळेतल्या नावानंच राहिली. मतदान ओळखपत्र, बँक, कारखान्याचा पास, सगळ्यावर तेच. आई गेली आणि ते नावही गेलं. मी तर तिला दोन्हींपैकी कुठल्याच नावानं कधी हाक मारली नाही. माझं सगळं काम 'अगं'वर भागत होतं.

घर घेताना बिल्डरच्या माणसानं विचारलं, मिसेसचं नाव काय? मी ऐटीत तांदळातलं नाव सांगितलं आणि पुरावा म्हणून रेशनकार्ड पुढं केलं. अठरा वर्षांपूर्वी तेवढ्यावर भागायचं. नोंदणीच्या दिवशी बायको कारखान्यातून हाफ डे घेऊन अंगावरच्या एप्रनसह आली, फोटो दिला, अंगठा दिला, दाखवलं तिथं सह्या केल्या आणि सहा सीटर रिक्षा पकडून परत गेली. ती गेल्यावर मी बाहेर पेढे वाटले. माझ्या आयुष्यात जिथं जिथं पेढे वाटले गेले, तिथं तिथं काहीतरी घोटाळा झालेला आहे.

वकीलबाईंनी मला शांतपणे समजावलं. "काका, तुमचा अर्धा हिस्सा मी काकूंच्या नावावर करून देते. त्यात काही अवघड नाही. पण मग घराच्या दोन मालकिणी होतील. एक ह्या काकू, आणि एक त्या. पुढं घर विकायचं झालं, किंवा तुमच्या माघारी काकूंना काही करायचं झालं, तर कुणीही विचारणार की त्या दुसऱ्या बाईंची सही आणा."

"पण त्या बाई नाहीतच," मी म्हणालो.

"नाहीत हे सिद्ध करता येत नाही. त्या ह्याच आहेत, हे सिद्ध करावं लागेल."

म्हणजे मी द्यायला निघालो होतो माझा अर्धा हिस्सा, आणि तिचा स्वतःचा अर्धाच हवेत होता. जो तिनं उभ्यानं मिळवला होता तो. बायको एक शब्द बोलली नाही, आणि तिचं ते गप्प बसणं मी चुकीचं वाचलं. मला वाटलं, हिला यातलं काही कळलेलं नाही.

वकीलबाईंनी पुरावे सांगितले. लग्नाचा दाखला काढला होता का? नव्हता. जुनं रेशनकार्ड? नवं घेताना जमा केलं. बिल्डरकडून चूक दुरुस्तीचा दस्त करून मिळेल का? बिल्डरच्या ऑफिसात आता वाढदिवसाचे केक मिळतात, आणि त्याचे दोन भागीदार कुठं आहेत ते केकवाल्याला माहीत नाही. राजपत्रात नाव बदलून घेता येतं, पण त्यानं आजपासूनचं नाव बदलतं. अठरा वर्षांपूर्वी तिथं उभी असलेली बाई कोण, ते राजपत्र सांगत नाही.

मी लग्नाचा अल्बम काढला. तांदळाच्या ताटाचा फोटो त्यात होताच. ताटावर झुकलेला मी, टोपी घसरलेली, हातात अंगठी. नाव जिथं असायला हवं तिथं एका मावशीचा हात, तिच्या हातात कुंकवाची कोयरी. सगळ्या गोतावळ्यात नेमका तोच हात पुढं यायचा होता.

मग मी चिडलो. छत्तीस वर्षं मी क्वालिटीत, म्हणजे माल तपासण्यात, काढली, आधी भोसरीत आणि मग चाकणला. समोर आलेला पार्ट गेजमध्ये बसला तर ओके, नाही तर रिजेक्ट, एवढं सरळ काम. तिसरा प्रकार मला सोसत नाही. त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बायकोला नको ते बोललो. म्हणालो, "तू सरळ ते नाव लावून घेतलं असतंस तर आज ही वेळ आली नसती. सगळ्या बायका लावतात. तुलाच काय झालं होतं?"

ती भांडी आवरत होती. हात थांबले, पण ती वळली नाही.

"वकीलबाईंनी उद्या मूळ करारनामा मागितलाय," मी म्हणालो. "कर्ज फिटल्यावर बँकेतून आलेलं ते पाकीट कपाटात आहे ना?"

"ते नका नेऊ ओ."

"का?"

"नका नेऊ म्हणते ना."

तिचा आवाज असा कधीच नसतो. ती माझ्यापेक्षा धीट आहे. मी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारातच बसलो. तिनं हात पुसले, पदराला नाही, ओट्याच्या फडक्याला, एकेक बोट.

"त्या दिवशी सही चुकली माझ्याकडून," ती म्हणाली. "छापलेलं होतं ते नाव, आन मी सही माझ्या नावानं केली. हात तसाच चालला. रोज कारखान्यात हजेरीला तीच करायची की. मग वाटलं, आता कुणीतरी धरेल. कुणी धरलं न्हाई. तुम्ही पण न्हाई."

"मग सांगितलं का नाही?"

"लै दिवस तेच चाललं होतं डोक्यात. सांगावं तर कागद खोटा निघाला म्हणून घर जाईल. न सांगावं तर कधीतरी निघणारच. म्हणून ते पाकीट बँकेतून आलं तेव्हा मी खालच्या कप्प्यात, साड्यांच्या बी खाली ठेवलं."

अठरा वर्षं. मी शेजाऱ्यांना सांगत फिरायचो की बघा, बायकोचं नाव घातलंय घरावर, आणि ती त्याच घरात, आपल्या सहीनं हे घर जाईल, या धास्तीनं राहत होती. मला तिचा राग आला, मग माझा आला. मी उठलो आणि उरलेली भांडी लावली. चुकीच्या जागी लावली, पण त्या दिवशी तिनं ती तशीच राहू दिली.

पाकीट आम्ही घरी उघडलं नाही. तिची तयारी नव्हती आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती. सोमवारी ते तसंच बंद वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि मी ततपप करत सगळं सांगून टाकलं. बायको पुन्हा पर्सवर हात ठेवून बसली होती, पण या वेळी पर्स घट्ट धरलेली.

वकीलबाईंनी पाकीट फोडलं. करारनामा जाडजूड होता, बत्तीस पानांचा. त्या एकेक पान उलटत गेल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन सह्या. एक माझी, इंग्रजीत, लफ्फेदार, वाचता न येणारी. दुसरी मराठीत, गोल गोल अक्षरांत, अक्षर न् अक्षर स्पष्ट. पहिलं नाव, माझं नाव, आडनाव. शाळेतलं नाव. शेवटच्या पानांवर तिचा फोटो, एप्रनसकट, बाजूला अंगठा, आणि त्याच्या शेजारी तीच सही. वर छापलेलं मात्र तांदळातलं नाव.

"काकू," वकीलबाई म्हणाल्या, "इथं एक सही करून दाखवता?"

बायकोनं कोऱ्या कागदावर सही केली. तीच गोल गोल अक्षरं. वकीलबाईंनी तो कागद करारनाम्याशेजारी ठेवला आणि हसल्या.

"काकू, तुम्ही घर घालवलं नाहीत. तुम्ही घर वाचवलंत. त्या दुसऱ्या नावानं सही केली असतीत, तर आज माझ्या हातात काहीच नसतं. हे बघा, नाव ते, फोटो तुमचा, अंगठा तुमचा, आणि सही आधारकार्डावरच्या नावाची. तीही नोंदणी अधिकाऱ्यासमोर. दोन्ही बाया एकच आहेत, हे या कागदानंच सांगितलंय. आता फक्त एक प्रतिज्ञापत्र करू, आणि दस्तात 'उर्फ' लावू."

बायकोनं पर्स सोडली. इतका वेळ धरून धरून तिच्या बोटांवर चेनचे वळ उठले होते. माझा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी मला आठवलं की रविवारी दुपारी मी तिला काय बोललो होतो. छत्तीस वर्षांच्या क्वालिटीत माझ्या हातून चुकून रिजेक्ट झालेला हा सगळ्यात मोठा पार्ट. आणि तो ओके होता.

पुढच्या आठवड्यात वकीलबाईंनी मसुदा वाचून दाखवला. दस्ताचं नाव बक्षीसपत्र. बायको म्हणाली, "बक्षीस कशाचं? मी कुठं पळण्यात पहिली आले?" वकीलबाई म्हणाल्या, नवरा-बायकोत मोबदला न घेता दिलं तर त्याला कायद्यात असंच म्हणतात. मसुद्यात मी 'लिहून देणार' होतो आणि ती 'लिहून घेणार'. पुढं वाक्य होतं की लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी सदर हिस्सा दिला आहे. हे वकीलबाईंनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचलं. मी घसा खाकरला. बायको पुन्हा पंख्याकडे पाहू लागली, पण या वेळी तिच्या ओठांचे कोपरे हलत होते. हे वाक्य मी आयुष्यात तिला म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तेही शेवटी स्टॅम्प लावून.

तिनं दोन ठिकाणी मसुदा अडवला. एक, जिथं मिळकत 'लिहून देणार यांची स्वकष्टार्जित' असं होतं.

"स्वकष्टार्जित म्हणजे?"

"वडिलोपार्जित नाही, स्वतःच्या कष्टानं मिळवलेली," वकीलबाई म्हणाल्या. "आपल्याला तसं लिहावं लागतं."

"कष्ट दोघांचे होते. यांच्या एकट्याचे नव्हते."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लिहा," मी म्हणालो. "खरं आहे ते." मग तिथं 'उभयतांच्या कष्टातून घेतलेली' असं झालं.

दुसरी अडवणूक 'उर्फ'पाशी. कॉम्प्युटरवरच्या मुलीनं तांदळातलं नाव आधी टाकलं होतं आणि शाळेतलं 'उर्फ'नंतर.

"उलटं करा," बायको म्हणाली. "आधी माझं. ती उर्फ."

"ते दुसरं काढूनच टाकता येत नाही का?" मी विचारलं. मला वाटलं, तिला तेच हवं असेल.

"राहू द्या ओ," ती म्हणाली. "सासूबाई मायेनं म्हणायच्या. आन इतकी वर्षं घर सांभाळलंय तिनं. नुसती मागं उभी राहू द्या."

नोंदणी कार्यालयात आम्ही सकाळी गेलो. साक्षीदार म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं आलं होतं. दुपार होता होता आमचा नंबर लागला. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, राजीखुशीनं देताय का? मी हो म्हणालो. मग तिला विचारलं, "नाव?"

तिनं पूर्ण नाव सांगितलं. न अडखळता, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, शाळेत हजेरी देताना सांगावं तसं. मी तिच्या बाजूला उभा होतो आणि मला एकदम जाणवलं की चौतीस वर्षांत हे नाव मी तिच्या तोंडून असं मोठ्यानं ऐकलेलं नाही. चांगलं नाव आहे. मी ठरवलेल्या नावापेक्षा चांगलं. फोटो निघाला, अंगठे झाले, सह्या झाल्या. या वेळी मी तिच्या सहीचं प्रत्येक पान पाहिलं.

पेढे वाटले नाहीत. बाहेर उसाचा रस प्यायलो, साक्षीदारांनाही पाजला, आणि स्कूटरवर बसून पुनावळ्याकडे निघालो. आता घर तिचं होतं, सगळंच. मी तिच्या घरात राहणारा माणूस. मला वाटलं होतं, जरा हलकं हलकं, काहीतरी हातून गेल्यासारखं वाटेल. हलकं वाटलं, पण गेल्यासारखं काही नाही. उलट मांडीला मांडी लावून जेवायला बसावं तसं वाटलं.

पुनावळ्याच्या अंडरपासपाशी हिंजवडीहून येणाऱ्या कॅब नेहमीसारख्या अडकल्या होत्या. मी गाडी बंद केली. मागं ती फाइल छातीशी धरून बसली होती.

"एक विचारू?"

"विचारा."

"तेव्हा सही खरंच चुकली होती का?"

आमच्या शेजारच्या कॅबमधली मुलगी कानात हेडफोन घालून झोपली होती.

"पहिल्या पानावर चुकली," ती म्हणाली. "बाकीच्या पानांवर न्हाई."

मी आरशात पाहिलं. आरसा वाकडा होता, त्यात तिचा खांदा आणि फाइलचा कोपरा एवढंच दिसत होतं. एकतीस पानं. माझ्या शेजारी बसून, माझ्या डोळ्यांदेखत. मग मी तिला नावानं हाक मारली. तिच्याच नावानं.

"समोर बघा," ती म्हणाली, "गाड्या हलल्या."